तापीकांठचीं गुर्जर घराणीं : त्यांच्या चरितार्थाचा माग कसा काढावा

नंदुरबार, शहादें व तळोदें या भागांतील जुन्या गुजर किंवा वाणी घराण्यांत मूळ ठिकाणाविषयीं पृच्छा केली असतां ‘आमचे वडील गुजराथेंतून आले’ एवढें उत्तर बहुधा तत्काळ मिळतें. परंतु ते केव्हां आले, कोणत्या वाटेनें आले, येथें येऊन काय करून त्यांनीं पोट भरलें, आणि आज ज्या जमिनीवर घराण्याचा योगक्षेम चालतो ती कोणाकडून कशी हातीं आली, हे चार प्रश्न पुढें ठेवले म्हणजे सांगणाराची स्मृति खुंटते. आपल्या संग्राहक मंडळींतहि सनदा व शिक्कामोर्तबाचीं पत्रें यांचा शोध जितक्या आवडीनें होतो, तितका कुळांच्या खात्यांचा व कर्जाच्या खतांचा होत नाहीं. या घराण्यांचा माग कोणत्या कागदांवरून काढतां येतो, त्यांत कोठें फसगत होते, आणि हे कागद जपणें कां अगत्याचें आहे, याचें विवेचन प्रस्तुत लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

१. प्रदेश व वाटा

आजचा नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजीं धुळें जिल्ह्यापासून वेगळा झाला. त्यापूर्वीं १९०६ सालीं खानदेशचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग पडले, तेव्हां हा मुलूख पश्चिम खानदेशांत गेला. या अलीकडच्या सीमा मनांत धरून जुना इतिहास पाहूं लागल्यास पहिली चूक तेथेंच होते. पंधराव्या शतकांत सुलतानपूर व नंदुरबार हे परगणे गुजराथचे सुलतान व खानदेशचे फारुकी यांच्यांतील कलहाचा विषय होते. अकबराच्या वेळीं ऐन-इ-अकबरींत नंदुरबार सरकार माळवा सुभ्याखालीं दाखविलें आहे. म्हणजे या गांवचा मनुष्य राहत्या घरांतून न हलतां कधीं गुजराथेंत, कधीं माळव्यांत व कधीं खानदेशांत गणला गेला. तेव्हां ‘गुजराथेंतून आलों’ या वाक्यांतील गुजराथ म्हणजे कोणत्या काळची व कोणत्या राज्याची, हें प्रथम ठरविलें पाहिजे.

सुरतेहून बुऱ्हाणपुराकडे जाणारा व्यापारी मार्ग तापीच्या खोऱ्यांतूनच जात असल्यामुळें येथें परक्यांची ये-जा फार जुनी आहे. चौदाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास, महंमद तुघलकाच्या कारकीर्दींत, इब्न बतूता नंदुरबारास आला होता. तेथील वस्ती मराठ्यांची असून ते कलाकौशल्यांत निपुण आहेत, त्यांच्यांत वैद्य व ज्योतिषी आहेत, आणि भात, भाजीपाला व तिळाचें तेल हें त्यांचें अन्न आहे, अशा आशयाचें वर्णन त्यानें केलें आहे. सतराव्या शतकांत इंग्रजांची वखार येथें होती. पुढें १९०० सालीं सुरत ते अमळनेर हा तापी व्हॅली रेल्वेचा रस्ता पुरा झाला, आणि जी वाट बैलांच्या तांड्यांनीं चालत होती तीच आगगाडीनें चालूं लागली. या प्रांतांत आलेलीं घराणीं एका लोंढ्यानें आलीं नसून अनेक शतकें थोडथोडीं येत राहिलीं, ही गोष्ट या एका वाटेवरूनच ध्यानांत यावी.

२. पावागडची परंपरा

येथें एका परंपरेविषयीं सावध करणें जरूर आहे. महंमद बेगड्यानें १४८४ सालीं पावागड घेतला, त्यानंतर आमचे पूर्वज तेथून निघाले, अशी हकीकत खानदेशांतील एकाहून अधिक ज्ञातींत सांगतात. यावल-रावेरकडील लेवा पाटीदार पावागडाशीं आपला संबंध जोडतात, आणि अक्राणीच्या डोंगरांतील पावरे लोकांच्या नांवाची उपपत्तीहि कित्येक त्याच गडावरून लावितात. एक शेतकरी ज्ञाति आणि एक डोंगरी जमात या दोघींच्या मुखीं एकच गड व एकच पाडाव असावा, हें विचार करण्याजोगें आहे. ही हकीकत सर्वथा खोटी, असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु प्रसिद्ध गड पडला म्हणजे त्याच्या भोंवतीं दूरदूरच्या लोकांच्या आठवणी गोळा होतात, हा सर्वत्र येणारा अनुभव आहे. म्हणून पावागडची परंपरा ही परंपरा म्हणूनच नमूद करावी. तिच्यावरून घराण्याच्या आगमनाचा शक काढूं नये.

रेवे गुजर आपलें नांव रेवेवरून, म्हणजे नर्मदेवरून, पडलें असें सांगतात. दोडे गुजर, कडवे वगैरे इतर शाखाहि याच पट्ट्यांत आहेत. नांवांच्या व्युत्पत्तीपेक्षां या ज्ञातींची घरगुती गुजरी बोली, कुलदेवता व लग्नसंबंधांचीं गांवें यांची टिपणें अधिक उपयोगीं पडतात. मूळ गांव सुटल्यावरहि कुलदेवतेचा नवस फेडण्यास मनुष्य पिढ्यान्‌पिढ्या तेथें जात असतो, आणि त्या प्रवासाचा खर्च वहींत लिहिलेला असतो.

३. वंशावळ व तिची मर्यादा

वंशावळीचें मुख्य साधन म्हणजे भाटाची वही. हे वहीवंचे बारोट ठराविक वर्षांनीं यजमानांच्या गांवीं येतात, नवीन जन्मलेल्या पुत्रांचीं नांवें वहींत चढवितात आणि दक्षिणा घेऊन जातात. या वह्यांतील आरंभीच्या पिढ्या बहुधा एखाद्या प्रसिद्ध राजकुळाशीं नेऊन जोडलेल्या असतात. त्या भागावर भिस्त ठेवूं नये. परंतु अलीकडच्या पिढ्या भाटानें समक्ष येऊन, घरच्यांच्या देखत लिहिलेल्या असल्यामुळें त्यांची किंमत मोठी आहे. दुसरें साधन तीर्थोपाध्यायांचे लेख. नाशिक, त्र्यंबकेश्वर, नर्मदेवरील चांदोद आणि शहादें तालुक्यांतील प्रकाशें या क्षेत्रीं यात्रेकरू जात. नाशिकच्या उपाध्यायांच्या नामावळींत येणाराचें नांव, बापाचें व आज्याचें नांव, गांव, ज्ञाति व कित्येकदां त्याच्या हातचें अक्षर मिळतें. भाटाची वही घराचें कूळ सांगते. उपाध्यायाची वही अमुक मनुष्य अमुक सालीं अमुक गांवीं राहत होता, हें सांगते. दोहोंत विरोध आल्यास दुसरीस अधिक प्रमाण मानावें.

या दोन्ही साधनांत एक मोठी उणीव आहे. त्यांत पुरुषांचीच नांवें प्रामुख्यानें येतात, आणि मनुष्याचें नशीब पुष्कळदां आजोळावर ठरलेलें असतें. याचें उत्तम उदाहरण याच जिल्ह्यांतलें आहे. मल्हारराव होळकर १६९३ सालीं नीरेकांठच्या होळ गांवीं जन्मले. बाळपणींच पितृछत्र हरपल्यामुळें त्यांची माता त्यांस घेऊन तळोद्यास आपले बंधु भोजराज बारगळ यांजकडे आली. भोजराज हे कदम बांडे यांच्या पागेशीं संबंध असलेले गृहस्थ होते; मल्हाररावांनीं प्रथम मामाचीं मेंढरें राखलीं, मग घोड्यावर चढले, आणि मामाचीच कन्या गौतमाबाई त्यांस दिली. पुढें माळव्यांत केवढें राज्य उभें राहिलें हें सर्वांस विदित आहे. आतां केवळ बाप-आजा-पणजा अशी होळकरांची वंशावळ हातीं आली, तर होळचा मुलगा तळोद्यास कां वाढला व स्वारांत कसा शिरला, याचा पत्ता तीवरून मुळींच लागणार नाहीं. जें एवढ्या थोर घराण्यास लागू, तें सामान्य घराण्यास अधिकच लागू आहे. म्हणून टिपण करितांना आईचें माहेर, बहिणींचीं सासरें व जांवयांचे धंदे यांची चौकशी अवश्य करावी.

४. महसुलाचे कागद

वतनदार घराण्यांसंबंधीं पुण्याच्या पेशवे दप्तरांत व १८५२ च्या कायद्यान्वयें झालेल्या इनाम चौकशीच्या कागदांत शोध करावा. परंतु बहुसंख्य घराणीं वतनदार नव्हतीं. तीं साधीं कुळें होतीं. त्यांच्यासाठीं कौलनामे, इस्ताव्याचे कागद, पैमाशीनंतरचे आकारबंद व कूळवार पत्रकें, आणि १९०३ च्या हक्कनोंदणीच्या कायद्यानंतर पुढें तयार होत गेलेलीं फेरफारांचीं पुस्तकें हाच आधार आहे. फेरफाराच्या नोंदींत जमीन कोणाच्या नांवची होती, ती खरेदीनें, वारसानें कीं गहाणानें गेली, आणि कोणाच्या नांवें लागली, हें थोडक्यांत पण स्पष्ट लिहिलेलें असतें.

महसुलाच्या कागदांची ही योग्यता ध्यानांत येण्यासाठीं आयर्लंडचें उदाहरण देतों. तेथून लाखों कुटुंबें एकोणिसाव्या शतकांत अमेरिका वगैरे देशांत गेलीं, आणि त्यांचे वंशज आज आपल्या पूर्वजांचीं गांवें शोधीत असतात. परंतु १८६१ ते १८९१ पर्यंतच्या चार खानेसुमाऱ्यांचे मूळ कागद सरकारनेंच नष्ट केले, आणि त्याआधींच्या खानेसुमाऱ्यांचा बहुतेक भाग, मृत्युपत्रें व चर्चच्या जन्ममृत्यूच्या पुष्कळ वह्या १९२२ सालीं डब्लिनच्या दप्तरखान्यास लागलेल्या आगींत जळाल्या. मग शोध करणारांस आधार कसला उरला? १८४७ ते १८६४ या काळांत ग्रिफिथ यानें कर बसविण्यासाठीं केलेल्या जमिनीच्या मोजदादीचा. तींत जमीन कोण धरतो व ती कोणाची, या दोघांचीं नांवें आहेत. ज्या कागदाचा हेतु केवळ कर वसूल करणें हा होता, तोच पुढें घराण्यांच्या इतिहासाचा कणा ठरला. आमच्या आकारबंदास व फेरफारास जे नीरस समजतात त्यांनीं याचा विचार करावा.

५. वह्या, लिपि व कालगणना

व्यापारी घराण्यांतील रोजमेळ, खातेवह्या व हुंड्या यांची लिपि पाहून पुष्कळ संग्राहक त्या बाजूस सारतात. ही लिपि वाणियाशाई असून तींत काना, मात्रा, वेलांटी हीं पुष्कळदां गाळलेलीं असतात. ‘काकाजी अजमेर गये’ याचें ‘काकाजी आज मर गये’ असें वाचून घरांत रडारड झाल्याची गोष्ट प्रसिद्धच आहे. तथापि मनुष्यांचीं व गांवांचीं तींच तीं नांवें वारंवार येत असल्यामुळें एका घराची एक वही लागली म्हणजे पुढील वह्या लावणें फारसें अवघड जात नाहीं. त्याच घरांत सरकारी कामाचे कागद मोडींत असतात. तेव्हां एकाच व्यवहाराचे दोन लिपींतील दोन लेख मिळण्याचा संभव असतो, व एकावरून दुसरा तपासतां येतो.

खरी अडचण वर्षांची आहे. गुजराथी वहींत कार्तिकी विक्रम संवत असतो. त्यांतून कार्तिकापासून डिसेंबरअखेर ५७ व पुढें ५६ वजा केले म्हणजे इसवी सन येतो. मराठी पत्रांत शक असल्यास ७८, वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत ७९, मिळवावे. मराठेशाहीच्या कागदांतील सुहूर सनांत ५९९ अगर ६००, व दक्षिणी फसलींत ५९० अगर ५९१ मिळवावे. या दोन्ही सनांचीं वर्षें मृगाच्या सुमारास पालटतात. यांशिवाय खानदेशांत सालदार ठेवण्याचें वर्ष आखाजीस, म्हणजे अक्षय्य तृतीयेस, सुरू होतें. म्हणजे एकाच घरांत वहीचें वर्ष दिवाळीस, सरकारी वर्ष पावसाच्या तोंडीं, व सालदाराचें वर्ष वैशाखांत सुरू होत असे. हें न जाणल्यास एकाच सालचे तीन कागद तीन निरनिराळ्या सालीं पडतात.

तोंडी आठवणींचाहि उपयोग कालनिर्णयास होतो. वृद्ध मनुष्य ‘छप्पन्यांत आलों’ असें म्हणाल्यास तो संवत १९५६ चा, म्हणजे इ. स. १८९९-१९०० चा, मोठा दुष्काळ समजावा. हाच काळ तापी व्हॅली रेल्वेच्या बांधणीचा होता, हें ध्यानांत ठेवावें. दुष्काळानें मनुष्य गांव सोडतो, आणि रस्ता त्यास दिशा दाखवितो.

६. चरितार्थाचे पालट

चरितार्थाच्या दृष्टीनें पाहतां या प्रांतावर पहिला मोठा आघात १८०२ सालीं झाला. यशवंतराव होळकरांनीं भिल्लांचें साहाय्य घेऊन सुलतानपूर लुटलें, आणि तें भरभराटीचें शहर कायमचें बसलें. पाठोपाठ १८०३-०४ चा दुष्काळ आला. १८१८ सालीं इंग्रजी अंमल बसला तेव्हां खानदेशांतील पुष्कळ गांवें ओस होतीं. म्हणून ज्या घराण्याची स्मृति ‘रान तोडून शेत केलें’ येथून सुरू होते, त्याचे कागद या काळानंतरच्या कौलांत व तगाईच्या नोंदींत प्रथम शोधावे. पुढें १८६१ ते १८६५ पर्यंतच्या अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें कापसास विलक्षण भाव आला, आणि युद्ध संपतांच तो उतरला. या पांच-सात वर्षांच्या खातेवह्या मिळाल्यास त्यांत घराणें चढलें कीं बुडालें, हें स्वच्छ दिसेल. नंदुरबार-नवापूरकडे रोशा गवताचें तेल काढण्याचा धंदाहि असे. अलीकडे नंदुरबारची मिरचीची पेठ नांवाजलेली आहे. शहाद्याकडे ऊस, केळी व पपई यांची लागवड झाली, आणि पुरुषोत्तमनगरचा सहकारी साखर कारखाना पी. के. अण्णा पाटील यांच्या पुढाकारानें उभा राहिला. खातेवहीपासून सहकारी संस्थेच्या सभासदनोंदीपर्यंतची ही सांखळी अभ्यासकानें तुटूं देऊं नये.

आलेलीं घराणीं येथें कितपत रुजलीं याचें प्रमाण ९ सप्टेंबर १९४२ चा दिवस देतो. त्या दिवशीं नंदुरबारांत मिरवणुकीवर झालेल्या गोळीबारांत शिरीषकुमार मेहता, लालदास शहा, धनसुखलाल वाणी, घनश्यामदास शहा व शशिधर केतकर हे कोंवळ्या वयाचे पांच वीर पडले. शिरीषकुमार अवघा पंधरा वर्षांचा होता, आणि त्याच्या तोंडची घोषणा गुजराथी होती हें सर्वश्रुत आहे. मेहता म्हणजे मूळचा कारकून अगर हिशेबनीस, शहा व वाणी म्हणजे व्यापारी. हीं आडनांवें धंद्यांचींच स्मारकें आहेत. तथापि आडनांवावरून ज्ञाति ठरविण्याचा मोह टाळावा, कारण मेहता हें नांव अनेक ज्ञातींत आढळतें. आमचा मुद्दा एवढाच कीं, ज्या घरांत बोली गुजराथी राहिली त्या घराचा मुलगाहि या गांवच्या चौकांत देशासाठीं पडला. मग त्यास ‘परका’ कोणत्या कागदावरून म्हणावें?

७. कागदाची दुसरी बाजू

येथवर कागद ठेवणाऱ्या घराण्याचा विचार झाला. परंतु प्रत्येक खतांत दोन पक्ष असतात. या प्रांतांत भिल्ल, मावची, कोकणी, पावरे या लोकांची वस्ती मोठी. १८२५ पासून भिल्ल एजन्सी स्थापून भिल्लांस शेतीकडे वळविण्याचे यत्न सरकारनें केले. पुढें कर्जापोटीं त्यांच्या जमिनी गेल्या, व ज्या शेताचे ते धनी होते त्याच शेतांत कित्येक सालदार होऊन राबले. हा इतिहास त्यांच्या घरीं लिहिलेला नाहीं. तो सावकाराच्या व जमीनदाराच्या वहींत, त्यांच्या अंगठ्यासह, लिहिलेला आहे. याच प्रश्नावरून शहादें तालुका पेटला. अंबरसिंग सुरतवंती यांनीं आदिवासींस संघटित केलें. २ मे १९७१ रोजीं पाटीलवाडीचा गोळीबार झाला. १९७२ सालीं श्रमिक संघटना उभी राहिली. १९७४ सालीं आदिवासींच्या जमिनी परत करण्याचा कायदा झाला, व १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या मुदतींत बिगर आदिवासींकडे गेलेल्या जमिनींस तो लागू केला. त्या वेळीं फेरफाराची एकेक नोंद व एकेक जुनें खत म्हणजे एका कुटुंबाच्या भाकरीचा पुरावा ठरला.

ही गोष्ट सांगण्याचें कारण असें कीं, घराण्याचे कागद देतांना वंशजांचा कल सनदा, मानपत्रें व देवळाच्या देणग्यांचे लेख तेवढे दाखविण्याकडे, आणि कर्जाचीं खतें व सालदारांचीं खातीं मागें ठेवण्याकडे किंवा जाळून टाकण्याकडे असणें स्वाभाविक आहे. संग्राहकानें ही निवड मान्य करूं नये. पूर्वजांच्या कष्टाचा मान राखणें आणि त्यांच्या व्यवहाराचा कागद जपणें, यांत विरोध नाहीं. परमुलखांतून येऊन, रान तोडून, विहीर खणून ज्यांनीं मळे उठविले त्यांचे श्रम खरे आहेत. आणि ज्यांची जमीन गेली त्यांचें दुःखहि खरें आहे. दोन्हींची साक्ष एकाच चोपडींत आहे. ती जळाली तर पहिल्या घराण्याचा अर्धा इतिहास जाईल, पण दुसऱ्याचा सगळा जाईल.

८. संग्राहकांस सूचना

कागद मिळाल्यावर दप्तर फोडून शिक्क्याचे कागद वेगळे काढूं नयेत. ज्या क्रमानें रुमालांत बांधलेले असतील तो क्रम लिहून ठेवावा. दप्तर कोणत्या घरांत, माळ्यावर कीं कोनाड्यांत, कोणाच्या ताब्यांत होतें, हें टिपावें. वहीचें पहिलें व शेवटचें पान प्रथम वाचावें, कारण संवत व मालकाचें नांव बहुधा तेथें असतें. तारीख मूळ सनांत जशीच्या तशी उतरवून शेजारीं इसवी सन द्यावा. केवळ इसवी सन देऊन मूळ गाळूं नये. भाटाची वही विकत मागूं नये. ती त्याच्या पोटाचें साधन आहे. तिची नक्कल यजमानाच्या अनुमतीनें करावी. सालदारांच्या वस्तींत जाऊन त्याच खात्यांतील माणसांच्या वंशजांस त्यांच्या आठवणी विचाराव्या, आणि त्या वंशावळीइतक्याच काळजीनें लिहाव्या. हयात मनुष्यांच्या जमिनीचा वाद चालू असल्यास कागदाची नक्कल उभय पक्षांस पाहतां येईल अशा ठिकाणीं ठेवावी.

दिवाळीस नव्या वहीची पूजा होते, आणि जुनी वही माळ्यावर जाते. तेथें तिला कसर, वाळवी व पावसाचें पाणी यांची वाट पाहावी लागते. नाहींतर ती रद्दीवाल्याच्या तराजूंत पडते. नंदुरबार प्रांतांतील वाचकांनीं आपल्या व शेजाऱ्यांच्या माळ्यांकडे एकदां दृष्टि टाकावी, आणि जें हातीं लागेल त्याची याद करून ठेवावी, एवढी विनंती करून आम्ही हा लेख पुरा करितों.